बाकी

न्यूलिनच्या धक्क्याच्या टोकाला एक खोली आहे,
खोलीत विहीर, विहिरीत समुद्र येतो
लाटा बाहेर ठेवून,
चपला काढून यावं तसा.
त्याची उंची यंत्र लिहितं,
मी यंत्रावर लक्ष ठेवते.
माझं खरं काम वजाबाकीचं.

आधी चंद्र वजा करायचा.
हर्णैला बाबा तिथीची पाऊणपट करून
भरतीची वेळ सांगायचे, बोटांच्या पेरांवर.
इथे त्यात साडेचार तास मिळवावे लागतात,
एवढाच काय तो परदेश.
अमावास्येचं उधाण इथेही उधाण,
अष्टमीचा भांग इथेही भांग.

मग सूर्य. मग हवेचा भार:
आभाळ हलकं झालं की पाणी बोटभर वर येतं.
मग राहू. हो, तोच.
चंद्राची वाट जिथे सूर्याची वाट ओलांडते ती जागा.
तिची फेरी अठरा वर्षं सात महिन्यांची,
आणि त्या फेरीत भरती थोडी फुगते, थोडी आक्रसते.
घरात दूध नासलं तरी ज्याच्या माथी मारायचे
तो राहूही मी वजा केला.
निर्दोष सुटला बिचारा.

शेवटी जमीन.
हिमयुगाचं ओझं उतरल्यापासून तिकडे स्कॉटलंड उठतोय
आणि कॉर्नवॉल खचतंय,
सी-सॉच्या दुसऱ्या टोकासारखं.

शंभर वर्षांत पाणी वीतभर चढलं.
त्यातली चार बोटं जमिनीच्या नावावर.
उरलेल्या बोटांना नाव नाही
असं नाही.
माझ्या तक्त्यात त्याचा रकाना नाही.

डेन्झिल ट्रेम्बाथ दर गुरुवारी येतो,
मॅकरेल वर्तमानपत्रात गुंडाळून
आणि भांडण उघडंच घेऊन.
काल त्याने टेबलावर एक काळा हेझलनट ठेवला.
ओहोटीला वाळू सरकली की पेन्झान्ससमोर
बुडालेल्या जंगलाचे बुंधे दिसतात, तिथला.
"हजारो वर्षांपूर्वीचा.
तेव्हा कोण गाडी चालवत होतं, सुमेधा?
चक्र असतं हे. येतं, जातं."

असतं ना. चक्रांवरच माझं पोट आहे.
पृथ्वी भोवऱ्यासारखी डुलते,
सव्वीस हजार वर्षांत एक गिरकी,
कलते, सावरते, तिची वाट कधी गोल कधी लांबट,
आणि बर्फ त्या तालावर आलं, गेलं.
पण रहाट बैलाच्या चालीने फिरतो, डेन्झिल,
आणि तो बैल सध्या गारव्याकडे निघालाय,
इतका सावकाश की माशीही उडत नाही.
मग ही गाडगी उलटी, धावत वर येतायत
ती कुणाच्या ओढीने?

आणि जंगल बुडालं तेव्हा हेझलला वेळ होता.
एकेक बी, एकेक खार,
पिढ्यान्‌पिढ्या करत झाडं टेकडी चढून गेली.
तुझी जाळ्यांची खोली चढेल?

"मॅकरेल आजच खा," तो म्हणाला,
आणि हेझलनट तिथेच ठेवून गेला.

रविवारी मी त्याचा डबा परत करायला गेले.
खाली दाराच्या चौकटीवर
पेन्सिलच्या रेघा.
डावीकडे मुलांच्या उंच्या: टॅम्सिन, पास्को,
पुन्हा टॅम्सिन, पाय उंचावून, खोडलेली.
उजवीकडे पाण्याच्या, वादळांच्या तारखांसह.
खालच्या रेघांचं अक्षर त्याच्या वडिलांचं,
वरच्या पाचांतल्या चार त्याच्या स्वतःच्या.
मी काही बोलले नाही. त्यानेही नाही.
तो केटली शोधत होता,
बराच वेळ, समोर असलेली.

मुलांच्या रेघा एका वर्षी थांबल्या आहेत.
उजवीकडे अजून जागा आहे,
आणि खिळ्याला दोरीने बांधलेली
ती पेन्सिल.